वाईनला वर्ष कोण होऊ देतं?

आमच्या भिशीतल्या बायका मला कोपऱ्यात गाठून हळूच विचारतात, "घरची वाईन किती दिसांनी प्यायची व्हय?" मी सांगते, निदान एक वर्ष. मग खरं तेही सांगते, की हे ऐकून आणि दुसऱ्याच्या हातची चाखून माहीत आहे. माझ्या हातच्या वाईनचं मला काही ठाऊक नाही. कसं असणार? आमच्या घरात एका तरी बाटलीला वर्ष पूर्ण करू दिलं असेल तर शपथ.

लग्नानंतर काही वर्षं आम्ही पिंपरीत भाड्याने राहत होतो. शेजारी एक ख्रिस्ती बाई होत्या. नाताळात त्या जी वाईन द्यायच्या, ती आदल्या नाताळात केलेली असायची. नवी बरणी पलंगाखाली ठेवलेली असे आणि तिला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. त्यांच्याकडूनच मी शिकले. काळी द्राक्षं कुस्करायची, साखर घालायची, बुडबुडे थांबले की गाळायची. गाळ तळाशी बसला की वरची नितळ तेवढी दुसरीकडे ओतायची आणि घट्ट बंद करून विसरून जायची. हे विसरणंच आमच्याकडे कुणाला जमत नाही.

नवऱ्याने नोकरी सोडली आणि आम्ही जुन्नर तालुक्यात गावी आलो. दीर, जाऊ आणि आम्ही, शेती एकत्र. काळ्या द्राक्षांची बाग होती. बाग दोघा भावांची, असं गाव म्हणायचं. पण मंडपाखाली मान वर करून, हातात कात्री घेऊन घड विरळायला उभ्या राहायचो आम्ही दोघी जावा. संध्याकाळी मान खाली येत नसे. व्यापाऱ्याने नाकारलेले, मणी तडकलेले घड तेवढे माझ्या वाट्याला यायचे, त्यांची मी वाईन करायची.

पहिल्या वर्षी जाऊबाईनेच घात केला. मी बरणीच्या झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी बसवली होती आणि तिचं टोक पाण्याच्या ग्लासात सोडलं होतं. आतली हवा बाहेर यावी, बाहेरची आत जाऊ नये म्हणून. चार दिवस मी माहेरी गेले तर हिने नळी काढली, बरणीच्या तोंडाला पातळ फडकं बांधलं आणि लिंबाच्या लोणच्याशेजारी गच्चीवर उन्हात ठेवली. वर रोज लाकडी डावाने तळापासून हलवली. "कोंडलं व्हतं ओ ताई, नासलं असतं," म्हणाली. तिचा जीव चांगला, पण माझा संताप संताप झाला. वाईनचा शिरका झाला, आंबट व्हिनेगर. तो आम्ही कांद्यावर घालून पावसाळाभर खाल्ला.

त्यानंतरच्या वर्षी आखाड आडवा आला. आमच्याकडे श्रावण लागायच्या आधी पुरुषांना कोण घाई! जणू पुढे जन्मभर उपासच करायचा आहे. माझी वाईन तेव्हा जेमतेम चार महिन्यांची, घशाला ओरखडे काढणारी. दिरांनी ती मित्रांना घेऊन मटणाबरोबर संपवली, तीही सोडा घालून. आणि दुसऱ्या दिवशी मलाच तोंडावर सांगतात, "वैनी, चढतच न्हाई राव. नुसतं सरबत."

याच माणसांनी आधी मला ऐकवलं होतं की घरच्या बायकांनी दारू पाडायची का, चारचौघांत काय तोंड दाखवायचं. करायला लाज आणि प्यायला नाही! शिवाय यांना थांबता येत नाही असंही नाही. कांदा बराखीत साठवून चांगला दर यावा म्हणून महिनोन्‌महिने थांबतात. बागेला पहिला घड येईपर्यंत थांबले. फक्त माझ्या बरणीपुढे यांना दम निघत नाही.

मग एका छाटणीनंतर बेमोसमी पाऊस झाला आणि बाग गेली. आता ऊसच लावू, असं दोघा भावांनी ओट्यावर बसून ठरवलं. आम्हाला दोघींना कुणी विचारलं नाही. जेसीबीने वेली मुळासकट ओढून काढल्या तेव्हा जाऊबाई घरात जाऊन बसली. मी बघत राहिले.

त्या बागेच्या शेवटच्या मालाच्या तीन बाटल्या मी बाजरीच्या कोठीत पुरून ठेवल्या होत्या. जेवताना सगळ्यांना बजावून सांगितलं, की ही शेवटची. उन्हाळा लागला की वर्ष भरेल, तेव्हा सगळे मिळून पिऊ. तोवर कुणी हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्याने तर "पिंपरीवाणी व्हईल बघ" असंही म्हटलं.

उसाची लागण, म्हणजे लावणी, झाली त्या दिवशी मी तळेघरला बहिणीकडे गेले होते. एसटी उशिरा मिळाली, घरी यायला दिवेलागणीची वेळ झाली. अंगणात मटण शिजत होतं आणि सतरंजीवर दोन बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. तिसरी नवऱ्याच्या हातात, उघडलेली.

जाऊबाई चुलीपुढून उठून आली. "मी म्हणलं व्हतं, ताई, वरीस भरलं न्हाई म्हणून. ऐकतंय कोण हितं?"

"आगं, लागण झाली, पावणं आलं," नवरा म्हणाला. "एवढं काय त्यात? पुढच्या साली कर की परत. बाजारातनं आणू द्राक्षं."

बाजारातून! मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. घरातून दोन पेले आणले, जाऊबाईला दंडाला धरून सतरंजीवर बसवलं आणि उरलेली सगळी आम्हा दोघींत ओतली. दिरांसमोर, पाहुण्यांसमोर. पाहुणे ताटात बघायला लागले. दीर पाण्याचं निमित्त करून उठले.

जाऊबाईने पदर सावरून एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"आपल्या द्राक्षाची अशीच लागती व्हय, ताई?"

"न्हाई," मी म्हटलं. "आजून व्हायची व्हती."