थेंबमास्तरांची पट्टी

गल्लीत त्यांना सगळे थेंबमास्तरच म्हणत. नळ गळतो म्हटलं की भरल्या ताटावरून उठणारा हा प्लंबर. वायसर बदलून झाला तरी पाच मिनिटं नळाखाली तळहात धरून बसायचा. "गळका नळ आणि खोटं बोलणारा माणूस, दोन्ही घर बुडवतात," असं म्हणायचा.

लग्नानंतर नवव्या वर्षी देवाने पदरात मुलगा घातला, पण त्याचं लघवीचं छिद्र टोकाला नव्हतं, खालच्या बाजूला होतं. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून नवा मार्ग शिवला. टाके जुळेपर्यंत आत एक बारीक नळी ठेवली आणि तिचं टोक दुहेरी लंगोटात सोडलं.

"थेंब थेंब पडतच राहिला पाहिजे. थांबला तर धावत या," सिस्टरने आईला दोनदा बजावलं. मास्तर तेव्हा खाली औषधाच्या रांगेत होते. वर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"कळलंय मला सगळं. तुम्ही पिशवी धरा."

घरी आल्यावर चौथ्या दुपारी बायकोचा जरा डोळा लागला. मास्तर लेकाजवळ बसले होते. एरवी बायकोच बदलायची तो लंगोट आज ते बदलायला गेले, तर नळीच्या टोकातून टप, टप. शिवण ओली होईल, टाके कुजतील, या भीतीने त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी नळीचं टोक दुमडलं आणि खिशातली नळकामाची पांढरी पट्टी काढून, पाइपाच्या जोडाला गुंडाळतात तशी, सात वेढे घट्ट गुंडाळली. मग सवयीने खाली तळहात धरला. कोरडा! इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना हायसं वाटलं.

तासाभरात पोराने किंकाळी फोडली. बायको दचकून उठली. लंगोट उघडून पाहते तर टाक्यांमधून लघवी झिरपत होती.

"अहो, हे काय केलंत?"

"गळत होतं गं..."

दवाखान्यात सिस्टरने पट्टी कापली. रागावायला तोंड उघडलं, पण मास्तरांचा चेहरा पाहून त्यांना बसायला स्टूल ओढून दिलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "टाक्यांत एक भोक राहिलंय. असं कधीकधी सगळं सांभाळूनही होतं. सहा महिन्यांनी पुन्हा शिवू." त्यांनी दिलेला हा दिलासा मास्तरांनी घेतला नाही. बाहेर बाकावर बायको म्हणाली, "मी सांगायला हवं होतं."

"मी पुन्हा विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

वॉर्डात आता सिस्टर बापाला आत बोलावल्याशिवाय नळीचं सांगायला सुरुवात करत नाहीत. "औषधाची रांग कुठे पळून जात नाही, बसा," म्हणतात. इतर पोरांचं त्याने भलं होत असेल, देवाची कृपा.

दुसऱ्या शस्त्रक्रियेआधीच्या एका सकाळी न्हाणीघरातून लेकाची हाक आली, "बाबा, बघा!" तो उभा राहून लघवी करत होता. एक धार पुढे जात होती, दुसरी त्या राहिलेल्या भोकातून खाली पायावर. त्याला त्याचं कोण कौतुक! खिदळत म्हणाला, "दोन!"

"हो रे राजा, दोन," मास्तर म्हणाले, आणि खाली बसून त्याचे पाय धुऊ लागले.