पुन्हाबाईंचं मानपत्र

विद्यापीठाच्या सन्मान कक्षात मी पंचवीस वर्षं काढली. कक्ष म्हणजे एक टेबल, एक कपाट आणि मी. दरवर्षी तीन प्राध्यापकांचा सत्कार व्हायचा, एकाचा अध्यापनासाठी, एकाचा संशोधनासाठी, एकाचा सेवेसाठी. तिघांची मानपत्रं लिहायचं काम माझ्याकडे. पंचवीस त्रिक पंच्याहत्तर मानपत्रं माझ्या हातून झाली असं मी पाहुण्यांना सांगत असे. खरं म्हणजे मी लिहिलं एकच, बाकीच्या चौऱ्याहत्तर त्याच्या नकला. नाव बदलायचं, विषय बदलायचा, बाई असल्या तर 'ते'चं 'त्या' आणि सर असले तर उलटं करायचं, की काम फत्ते. एका वर्षी घाईत हे शेवटचं राहून गेलं आणि प्राणिशास्त्राच्या एका धिप्पाड, मिशाळ सरांना मी भर सभागृहात 'विद्यार्थ्यांची लाडकी ताई' करून टाकलं. सर मोठ्या मनाचे, तेही हसले. कुलसचिव हसले नाहीत.

तरीही मी स्वतःला लेखक समजत होतो. 'ज्ञानदान हेच ज्यांच्या जीवनाचे व्रत' हे वाक्य मला एका दुपारी डबा खाऊन पेंगताना सुचलं होतं, आणि त्यानंतर प्रत्येक मानपत्राची सुरुवात त्यानेच व्हायची. ही मानपत्रं फ्रेम करून मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात टांगलेली असत. येता-जाता मी ती कौतुकाने वाचायचो. दुसरं कुणी वाचताना मात्र कधी दिसलं नाही. बायको म्हणायची, "माझ्यावर कधी लिहिलंत तर 'हिच्या हातची भाजी कधी खारट होत नाही' एवढंच लिहा. ते व्रतबित नको."

तर अशा मला एक खरं मानपत्र लिहायची वेळ आली ती पुन्हाबाईंमुळे.

पुन्हाबाई संख्याशास्त्र शिकवायच्या. बारीक अंगाच्या, आवाज त्याहून बारीक, बाहीला कायम खडूची पूड. ज्यांचा विषय राहिलाय अशा मुलांसाठी त्या गेली एकोणीस वर्षं रोज सकाळी सात वाजता चौदा नंबरच्या खोलीत वर्ग घ्यायच्या. वेळापत्रकात तो नव्हता, त्याचा पगार नव्हता आणि तो घ्या असं त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. "नाही कळलं? बरं, पुन्हा सांगते," हे वाक्य त्या तासाभरात तीसेक वेळा म्हणायच्या, म्हणून मुलांनी ते नाव पाडलेलं.

माझी मुलगी याच विषयात दोनदा आपटली होती. पहिल्यांदा अकरा गुण, दुसऱ्यांदा एकोणीस. मुलगी माझीच, त्यामुळे आकड्यांशी तिचं जन्माचं वैर. मी बापाची सगळी कर्तव्यं पार पाडली, म्हणजे ओरडलो, शेजारच्यांच्या मुलाचा दाखला दिला आणि दोन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी ती आपण होऊन चौदा नंबरच्या खोलीत जाऊन बसली. बाईंनी तिला विचारलं, "कुठपर्यंत समजलंय?"

"वहीवर नाव लिहिण्यापर्यंत," मुलगी म्हणाली.

"मग नावाच्या खालच्या ओळीपासून सुरू करू," बाई म्हणाल्या. चेष्टेने नव्हे, अगदी सरळ.

तिसऱ्या खेपेला मुलीला सत्तेचाळीस पडले. आमच्या घरात त्या सत्तेचाळीसचं जेवढं कोडकौतुक झालं तेवढं कुणाच्या पहिल्या नंबराचंही झालं नसेल. मी बाईंचे आभार मानायला गेलो तर त्या फळा पुसत होत्या. "तिने केलं हो," एवढंच म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

त्या वर्षाअखेर बाई निवृत्त होणार होत्या. आमचा नियम असा की सन्मान फक्त नोकरीत असलेल्यांना. म्हणजे त्यांच्यासाठी ही शेवटची संधी, आणि आजवर त्यांचं नाव एकदाही आलेलं नव्हतं. मी त्यांच्या विभागप्रमुखांना गाठलं. ते म्हणाले, "शोधनिबंध दोन, समित्या शून्य. अर्जात भरणार काय? तुम्हीच लिहा बुवा, मी सही करतो." मी चार दिवस रजा टाकून अर्ज लिहिला. जीव ओतला असंच मला वाटत होतं.

निवड समितीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी कुलसचिव, सोबत दुसऱ्या विद्यापीठातून आलेल्या एक वयस्क पाहुण्या मॅडम आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला मी. अध्यापनासाठी पाच अर्ज होते. मॅडमनी पहिला उघडून पहिली ओळ मोठ्याने वाचली. 'ज्ञानदान हेच ज्यांच्या जीवनाचे व्रत.' दुसरा उघडला. ज्ञानदान, जीवन, व्रत. तिसरा, चौथा, तेच. विभागप्रमुख इतकी वर्षं अर्ज लिहिताना व्हरांड्यातल्या माझ्या मानपत्रांवरून उतरवून घेत होते, हे मला त्या क्षणी समजलं. कुणी वाचत नाही म्हणून मी उगाच झुरत होतो! पाचवा अर्ज पुन्हाबाईंचा. चार दिवस रजा टाकून, जीव ओतून, मीही सुरुवात त्याच वाक्याने केली होती.

"या पाच जणांत फरक काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"संख्याशास्त्राच्या बाईंचे निबंध दोनच आहेत," कुलसचिव म्हणाले. "तो अर्ज बाजूला ठेवू या."

पंचवीस वर्षांत त्या खोलीत मी तोंड उघडलं होतं ते "चहा सांगू का?" एवढ्याचसाठी. त्या दिवशी उभा राहिलो, वही खाली पडली, आणि म्हणालो, "साहेब, ते वाक्य माझं आहे. त्यात बाईंचा काही दोष नाही." मग एकदा सुटलो तो सुटलोच. सात वाजताचा वर्ग, वहीवरचं नाव, अकरा, एकोणीस, सत्तेचाळीस, सगळं एका दमात. मुलीचे गुण मी नातेवाइकांपासूनही लपवले होते, ते तिथे जाहीर करून बसलो.

"पुरावा आहे का काही?" कुलसचिवांनी विचारलं.

 मग आठवलं की कुठल्याही खोलीची किल्ली घ्यायची तर फाटकावर पहारेकऱ्याकडे रजिस्टरात वेळ टाकून सही करावी लागते. धावत गेलो. जुनी रजिस्टरं त्याच्या खोलीत खाटेखाली रचलेली होती. मला उचलता आली तेवढी आठ घेतली, जिने चढताना दोनदा टेकलो, आणि धापा टाकत ती धुळीसकट बिस्किटांच्या बशीशेजारी नेऊन आदळली. कुठलंही पान काढा, खोली चौदा, वेळ सहा चाळीस, खाली बारीक अक्षरात बाईंची सही. सुट्टीच्या दिवसांतसुद्धा. मॅडम अर्धा तास पानं उलटत बसल्या. त्यांचे पांढरे कपडे मातकट झाले. शेवटी म्हणाल्या, "बाकीची आणू नका. नाव लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. मला खूप आनंद झाला होता.

या वेळी मानपत्र मी साधं लिहिलं. व्रत नाही, यज्ञ नाही, तेवत्या ज्योती नाहीत. किल्ली, खोली, एकोणीस वर्षं. पण शेवटी येताना जित्याची खोड आडवी आलीच. 'त्यांच्या वर्गात बसलेला एकही विद्यार्थी पुढे नापास झाला नाही,' असं मी लिहून टाकलं. खरं-खोटं मला ठाऊक नव्हतं. वाक्य कानाला बरं वाटलं.

छापण्याआधी मसुद्यावर सत्कारमूर्तीची सही घ्यावी लागते. बाईंनी तो उभ्यानेच वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. म्हटलं, जरा शोभतं."

"एक्केचाळीस झाले." त्यांनी कपाटातून एक जाड वही काढली. नावं, वर्षं, गुण. "चारशे त्र्याण्णव मुलं बसली. त्यातल्या एक्केचाळीस जणांचा विषय शेवटपर्यंत सुटला नाही."

"मग ते वाक्य काढून टाकतो, बाई."

"काढू नका. त्यांना लिहा."

"अहो, मानपत्रात नापासांचं कसं लिहायचं?"

"तेही सात वाजता येऊन बसत होते ना? काही जण तर माझ्याही आधी यायचे. तुमच्या या ओळीत ते आलेच नव्हते असं होतंय." त्यांचा आवाज चढला नाही, पण मसुदा त्यांनी माझ्या हातात परत दिला. "ते नसतील तर मी सही करणार नाही. द्या दुसऱ्या कुणाला."

मी कुलसचिवांकडे गेलो. ते भडकले. "व्यासपीठावरून नापासांची संख्या वाचायची? सत्कार आहे की चौकशी? परवापर्यंत सही नाही आली तर पुढच्या नावाला द्या."

मी भित्रा माणूस आहे. घरी जाताना रस्त्यात कुत्रं बसलेलं दिसलं तर मी लांबच्या गल्लीने जातो. पण बाईंच्या वहीतली ती नावं काही केल्या डोळ्यांपुढून हटेनात. मी त्यांना हवी तशी ओळ लिहिली आणि बाईंची सही घेतली. मग तिन्ही मानपत्रांच्या शुद्ध छापील प्रती घेऊन, बाईंची मधोमध सरकवून, कुलसचिवांपुढे ठेवल्या. साहेबांनी फोनवर बोलता बोलता तिन्हींवर सह्या केल्या. इतक्या वर्षांत माझ्या मानपत्रांत वाचण्यासारखं काही नव्हतंच, तेव्हा न वाचता सही करायची सवय त्यांना मीच लावली होती.

समारंभात मानपत्रं वाचायचं कामही माझंच. आधी तिन्ही वाचून मग सत्कार व्हायचे, आणि बाईंचं मानपत्र शेवटचं होतं. सभागृह भरलेलं होतं. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. मी वाचत वाचत शेवटाशी आलो. 'त्यांच्या वर्गातल्या एक्केचाळीस विद्यार्थ्यांना हा विषय शेवटपर्यंत जमला नाही. त्यांनाही बाईंनी तितकंच शिकवलं.'  कुलसचिवांची मान माझ्याकडे वळली ती मला न बघताही जाणवली. नोकरी गेली असं मी मनात धरूनही टाकलं. बाईंनी मात्र, एखाद्याचं गणित तपासताना डोलवावी तशी, मान डोलवली. मग टाळ्या झाल्या. मी पायऱ्या उतरलो आणि ध्वनिक्षेपकाच्या पेटीशेजारी जाऊन बसलो.

पेटीवर बसलेला माइकवाला चाळिशीच्या आसपासचा होता. बटणं खालीवर करत तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, त्या एक्केचाळिसांत मी आहे."

"माफ करा हं," मी सवयीने म्हणालो.

"माफी कसली? चार वेळा बसलो परीक्षेला. चारही वेळा बाईंनी पहिल्यापासून शिकवलं. नाहीच जमलं. शेवटी मीच तोंड लपवून यायचा बंद झालो." त्याने एक बटण अगदी हळू खाली आणलं. "मला वाटायचं, बाईंनी माझं नाव कधीच खोडून टाकलं असणार."

 वर व्यासपीठावर सत्कार चालले होते.

"तो कागद मिळेल का?" त्याने विचारलं.

मी वाचायची प्रत त्याला दिली. इतक्या वर्षांत माझं लिखाण मागून घेणारा तो पहिलाच माणूस. त्याने ती शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली, आणि डोळे पुसून पुन्हा बटणांकडे वळला.