फाटकापर्यंत

गोंडपिपरीला आमच्या समोरच्या घरची सून रोज सकाळी अंगणात चालायची. विहिरीपासून फाटकापर्यंत, पुन्हा विहिरीपर्यंत. शुगर तिलाही होती आणि आत खाटेला खिळलेल्या सासूलाही. सासूला इन्सुलिन टोचायचं, जेवू घालायचं, मग पदर खोचून निघायचं. खिडकीशी आली की पाऊल हळू करून ती कानोसा घ्यायची.

एकदा मी म्हटलं, "रस्त्यावर चला ना माझ्यासोबत."

"बुढीनं हाक मारली तं कोन आयकन, बाई? डाक्टर म्हनते, चाला. इतकं चालून मी आतालोक सिरोंच्याले पोचली असती, माह्या माहेरी." ती हसली, पण नजर फाटकाबाहेर होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या सासूजवळ बसले आणि सुनेला बळेच बाहेर धाडलं. परतली तेव्हा घामानं निथळत होती, चेहरा मात्र उजळला होता.

"मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती. तिथी सिरोंच्याची गाडी उभी. मी पाहूनच राह्यली, तं कंडक्टर म्हने, येता का बाई?"

"मग?"

"उद्या येतो म्हटलं त्याले," ती म्हणाली, आणि सासूची कूस बदलायला वाकली.