बाळबोधीतली चिठ्ठी

आमच्या अंगणात रोज दिवेलागणीला हजेरी व्हायची. शाळेत होते तशीच, फक्त हजर राहणारे सगळे मिशा फुटलेले बाप्ये. कुरवंड्याच्या अंगाला डोंगरात एक वाडी होती. तिथले सगळे जाणते पुरुष हातातलं काम टाकून उतार उतरून यायचे, अंगणात उकिडवे बसायचे, आणि माझे वडील, म्हणजे गावचे पोलीस पाटील, वही उघडून एकेकाचं नाव घ्यायचे. ज्याचं नाव आलं तो "हाय" म्हणायचा. सकाळी उजाडताना पुन्हा तेच.

याचं मूळ असं की, कधी काळी घाटात उभ्या राहिलेल्या मालगाडीतून कापडाचे गठ्ठे गेले होते. चोर सापडले नाहीत. मग सरकारनं काय करावं, तर जवळची वाडीच्या वाडी चोर म्हणून नोंदवून टाकली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर संन्याशाच्या मुलांनाही आणि पुढं होणाऱ्या नातवंडांनाही. सगळ्यांचे अंगठे घेतले. पाटलाचा पास असल्याशिवाय कुणी गावच्या शिवेबाहेर रात्र काढायची नाही. सोयरीक असो की मयत, आधी पास. वडिवळ्याच्या अंगाला कुणाचं लग्न ठरलं तर नवरदेवालासुद्धा पास लागायचा, आणि वरातीतली माणसं त्याला त्यावरून चिडवायची.

हे सगळं मी लहानपणापासून पाहत आले आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. संध्याकाळी कोंबड्या झाकायच्या आधी मोजतात, तशी माणसं मोजतात, एवढीच माझी समज. आबा, म्हणजे माझे वडील, वाईट नव्हते. कुणी आजारी असला तर न येताही त्याच्या नावापुढं खूण करायचे. पण वही उघडली की त्यांचा आवाज बदलायचा. आईशी बोलतानाचा तो आवाज नसायचा.

त्या माणसांत एक होता, त्याला मी भाऊ म्हणायचे. नागफणीच्या कड्यावरून दोर सोडून तो आग्या मोहोळाचा मध काढायचा, खंडाळ्या-लोणावळ्याच्या बंगल्यांत विकायचा आणि पहिली वाटी आमच्या आईला आणून द्यायचा. दिवसभर तो त्या कड्याला लोंबकळत असायचा. पडला असता तर वाडीला कळायच्या आधी सरकारला कळलं असतं, कारण संध्याकाळी एक "हाय" कमी भरला असता. हे मी त्याला एकदा म्हटलं तेव्हा तो खूप हसला होता.

मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते. लग्न होऊन दोन वर्षांत कपाळ मोकळं करून माहेरी परतलेली. त्याआधी लोणावळ्याला मामांकडं राहून मराठी चार इयत्ता शिकले होते. नवरा गेला, अक्षर तेवढं राहिलं. घरातल्या बायकांत मलाच काय ते वाचता यायचं, त्याची मला जरा ऐटही होती. आता आबा लिहायचे ते मोडी. बोरू टेकला की ओळ संपेपर्यंत उचलायचे नाहीत. मला शाळेनं शिकवली बाळबोध, पुस्तकातली, एकेक अक्षर सुटं सुटं. आबांनी लिहिलेलं मला वाचता यायचं नाही, आणि मी लिहिलेलं पाहून आबा म्हणायचे, हे काय, छापखाना घातलाय का घरात.

त्या वर्षी कार्तिकात, भात कापणीला आलं होतं तेव्हा, आबांना वडगावच्या कचेरीत बोलावणं आलं. हजेरीची वही तपासायची होती. वहीत खाडाखोड फार आहे म्हणून आधीच एक ताकीद आलेली, त्यामुळं ते धास्तावलेले होते. दोन दिवस लागणार होते. वही बरोबर न्यावी लागली, मग वाडीवरच्यांना सांगून गेले की येऊन आमच्या उंबऱ्याला हात लावून जायचं. आई ओटीवर तांदूळ निवडत बसायची. ते दोन दिवस तीच सरकार. एकजण तिला म्हणालाही, "मावशी, म्या आलो बरं का, तांदळात मोजा मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे हात लावून गेले, पण भाऊ गेला नाही. बायकोला घेऊन अंगणात उभा राहिला. त्याची एकुलती एक लेक वडिवळ्याच्या वर एका वाडीत दिली होती. पहिलटकरीण. दोन दिवस कळा देत होती आणि सुटका होत नव्हती. जावई मुंबईला गोदीत कामाला. तिला डोलीत घालून खाली दवाखान्यात न्यायची तर घरात एकच दीर होता, आणि डोलीला दोन खांदे लागतात. दुसरा खांदा बापाचा हवा होता. बाईमाणसाची नोंद नव्हती, तिला जायला मोकळीक होती. त्याला पास हवा होता आणि पास देणारे आबा वडगावला.

आई म्हणाली, उद्या दुपारपर्यंत येतील, थांब. तो म्हणाला, "उद्यापतुर पोर ऱ्हायची न्हाई, मावशी." त्याची बायको खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

मी आत गेले, आबांचा बोरू घेतला आणि लिहिलं. सदर इसमास दोन दिवस वडिवळे येथे जाण्यास हरकत नाही. खाली पोलीस पाटील म्हणून आबांचं नाव. आईनं विचारलं, आबा रागावले तर? मी म्हटलं, आबांनी दिलाच असता. ते आजही खरं वाटतं मला, त्यांनी दिलाच असता. मोडीचं माझ्या मनातही आलं नाही. मी माझ्या चांगुलपणावर खूश होते. भाऊनं तो कागद दोन्ही हातांनी घेतला, मुंडाशाच्या घडीत खोचला आणि दोघं झपाझप उताराला लागली.

कामशेतला रेल्वेच्या फाटकापाशी त्याला हवालदारानं अडवलं. हा हवालदार आबांचे पास वर्षानुवर्षं पाहत आलेला. त्यानं कागद उघडला आणि हसला म्हणे. पाटील म्हातारपणी शाळेत जायला लागला का, असं म्हणाला. भाऊला तिथंच बसवून घेतलं. बायको एकटी पुढं गेली.

तिसऱ्या दिवशी आबा वडगावहून येऊन पाय धूत होते, तेवढ्यात फौजदार आला. बरोबर भाऊ, हात दोरानं बांधलेले. फौजदार ओटीवर बसला, भाऊला अंगणात, रोज बसायचा तिथंच, उभं केलं. मी धावत आत गेले आणि मधल्या दाराआड उभी राहिले. आई चुलीपाशी थिजून बसली होती.

फौजदारानं आबांना कागद दाखवला. "पाटील, हा पास तुमचा?"

आबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. छापखाना त्यांनी ओळखला, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की लेकीला मीच सांगून गेलो होतो. एका वाक्याचं काम होतं. भाऊ सुटला असता. पण वहीवरून कालच बोलणी खाऊन आलेले, त्यात सरकारी कागद विधवा लेकीच्या हातचा निघाला असता, तर पाटीलकी गेली असती आणि गावभर माझं नाव वाईट झालं असतं. आबा म्हणाले, "माझा न्हाई. बाजारात बसत्यात अर्ज लिवणारे, त्यांच्यातल्या कुनी लिवला आसंल."

फौजदार भाऊकडं वळला. कुणी लिहून दिला, विचारलं. भाऊ बोलला नाही. फौजदारानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा गप्प. मला वाटलं, घाबरला. मीही घाबरले होते. हे लिहायलाही लाज वाटते, पण मी मनात देवाला म्हणत होते की ह्यानं माझं नाव घेऊ नये. मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, व्हय, बाजारात एका मानसानं लिवून दिला, वळखत न्हाई. फौजदारानं ते आपल्या वहीत लिहून घेतलं आणि वही मिटली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला तिकडं त्याची लेक गेली. मूल वाचलं, मुलगी होती. भाऊला खोट्या पासाबद्दल सहा महिन्यांची सजा झाली.

आबा मला एका शब्दानंही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोरू आणि दौत उचलून माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली, बस. गड्याच्या हाती त्यांनी वाडीवर दोन पायल्या तांदूळ पाठवले. भाऊच्या बायकोनं घेतले. ती त्या नातीला बकरीच्या दुधावर वाढवत होती, नाही कशी म्हणेल. सहा महिन्यांनी भाऊ परत आला आणि त्याच संध्याकाळी अंगणात येऊन बसला. आबांनी नाव घेतलं, तो "हाय" म्हणाला. पुढं तो आमच्याकडं कामापुरतं बोलायचा, आदरानंच बोलायचा. मी मनाशी धरून बसले की ह्या देवमाणसानं मला झाकलं. त्याच्या उपकाराचं ओझं बाळगण्यात मला एक प्रकारचं समाधानही मिळायचं, हे मला फार उशिरा कळलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. एकदा लोणावळ्याला रात्री सभा झाली. पांढऱ्या टोपीतला पुढारी म्हणाला, आमचं राज्य आलं की पहिली ही हजेरी बंद. वाडीवरची माणसं ते भाषण ऐकायला आबांकडून पास घेऊन गेली होती. पुढं मुंबईत आपले मंत्री बसले. गावात साखर वाटली. आणि पावसाळा संपता संपता कचेरीतून नवी वही आली, छापील, रेघा आखलेली, त्यात डाव्या अंगठ्यासाठी एक जादा रकाना. वाडीवरचा एक म्हातारा ती वही पाहून म्हणाला, राज्य आपलं आलं, वही त्यांचीच ऱ्हायली. त्यानंतर सभेला वाडीवरून कुणी गेलं नाही. मलाही पुढाऱ्यांचं बोलणं ऐकवेनासं झालं.

मग बेचाळीस साल आलं. आबा वारले होते, पाटीलकी माझ्या सख्ख्या भावाकडं आली होती. आता वरून हुकूम आला की गावातल्या प्रत्येक घरी कोण पाहुणा येतो, किती दिवस राहतो, कोणतं पत्र येतं, सगळं लिहून कळवायचं. आमच्या भाऊबंदांच्या घरात पोलीस शिरले, कणग्या उपसून पाहिल्या. गाव पेटून उठला. देवळात बैठक बसली. जो तो तावातावानं बोलत होता, आमी काय चोर हाय का, आमच्या घरात कोन जेवलं ह्ये सरकारला कशापायी पायजे. मी बायकांत मागं बसले होते. तीस वर्षं आमच्याच अंगणात माणसं मोजली गेली तेव्हा यातल्या एकाच्याही तोंडून ब्र निघाला नव्हता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझ्याही तोंडून निघाला नव्हता. मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी मी वाडीवर गेले. पाऊस उघडला होता. भाऊ झोपडीच्या दारात वाखाचा दोर वळत बसला होता. कड्यावर जाणं त्यानं कधीच सोडलं होतं, दोर दुसऱ्यांसाठी वळायचा. नातीनं मला पाणी दिलं. मोठी झाली होती, लग्नाला आलेली. ती शेळ्या घेऊन गेल्यावर मी त्याला म्हटलं, "भाऊ, ती चिठ्ठी म्या लिवली व्हती, ह्ये म्या तवाच बोलाय पायजे व्हतं. तुमी मला झाकलंत."

त्यानं दोर खाली ठेवला.

"फौजदारानं दोनदा इचारलं, ध्यानात हाय तुमच्या?"

"व्हय."

"तुमी दाराआड उभ्या व्हता. दाराखालनं तुमचे पाय दिसत व्हते मला." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, त्यात राग नव्हता. "लेक तवा जित्ती व्हती, ताई. सुटलो असतो तर पोचलो असतो का न्हाई, कुनास ठावं. पर म्या वाट बघितली तुमची. एकदा इचारलं तवा बघितली, दुसऱ्यांदा इचारलं तवा बी बघितली. मग म्हनलं, ह्या काय बोलत न्हाईत."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. माफी मागायला तर मी एवढा चढ चढून आले होते. तो माझ्याकडं थोडा वेळ पाहत राहिला, मग त्यानं दोर हातात घेतला आणि पुन्हा वळायला लागला, आणि त्या वेळीही मी गप्पच बसले.