जाऊबाईंचा हिना

काल सुनेनं नव्या सेंटची बाटली उघडली आणि हिन्याच्या वासानं मला थोरल्या जाऊबाई आठवल्या. खोलीत आधी त्यांचा हिना यायचा, मागून मोठ्यानं हसणं. दीर गेले आणि दोन्ही बंद झालं.

त्यानंतरच्या संक्रांतीला अमडापूरच्या घरी हळदीकुंकू होतं. मी ओळीनं बायकांच्या हाताला अत्तर लावत होते. तिळगूळ घेऊन आलेल्या जाऊबाई शेवटी बसल्या आणि त्यांनीही हात पुढे केला. शेजारची मावशी कुजबुजली, "हिले समजत नाही का वं?" सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी हात मागे घेतला.

"काऊन वं शोभा, अत्तर सरलं का?" जाऊबाईंनी विचारलं.

"हो बाई, सरलं."

"सरलंच असन. एवढ्या जनी आल्या."

त्यांनी हात पदराखाली घेतला. अत्तरदाणी भरलेली होती, सगळ्यांना दिसत होती. मला तो टोमणा वाटला. पुढे कित्येक दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आता लिहूनच टाकते. टोमणा नव्हताच तो. सासूबाईंसमोर माझी झालेली अडचण त्यांनी ओळखली होती. अपमान त्यांचा चालला होता, आणि त्या मला सोडवत होत्या.