भिकनची हाक

पाणकोंबडीची हाक घालावी तर भिकननंच! नांदूरच्या बंधाऱ्यात गाळाचं एक बेट होतं, सगळं पाणकणसांनी भरलेलं. काठावर बसून भिकननं 'क्वाक क्वाक' केलं, की आपल्या हद्दीत कोण घुसलं हे बघायला पाणकोंबडी पांढरी छाती काढून तरातरा बाहेर यायची. या एका गुणावर १९७४ साली त्याला नाशिकच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हंगामी शिपायाची नोकरी लागली.

तिथल्या सरांना ध्यास एकच, दूरच्या बेटांवरच्या पाणकोंबड्या. ते म्हणत, "तिथं ना मांजर, ना उंदीर. पळायचं कुणापासून? मग पंख आखडले, भीतीही गेली. माणूस आला, तर त्याच्याच पायाशी येऊन उभ्या!" भिंतीवरच्या तक्त्यात संपलेल्या जाती एकीकडे, संपत आलेल्या दुसरीकडे. त्यांची मापं पुस्तकांत मिळत. तुलनेला आपली उडणारी पाणकोंबडी मात्र ताजी हवी.

"भिकन, यंदा सहा आण. तुझं कायमचं बघतो मी."

कायम होणं म्हणजे काय, ते हंगामी माणसालाच विचारा! दर जूनला बोलावणं येतं की नाही, या धास्तीनं त्याच्या बायकोच्या, सुलाबाईच्या, तोंडचं पाणी पळायचं. पदरात तीन पोरी. भिकननं फास लावले, हाक घातली. सहा आणल्या, पुढच्या वर्षी आठ, मग दहा. पेंढा भरून सगळ्या कपाटात गेल्या. १९७९ला तो कायम झाला, पेढे वाटले. तरी सरांची मापं काही संपेनात, आणि भिकनच्या तोंडून 'नाही' निघेना.

१९८७च्या पावसाळ्यात तो सकाळपासून बेटाशी बसून होता. घसा बसला, पण साधी सळसळ नाही. जाळं ओढणारा गेणू ओरडला, "आरं, कोनाला बोलावतो? समद्या तूच तर नेल्या!"

भिकननं फास गोळा केले. रिकाम्या हातानं तो परतला, तेव्हा सर तक्त्यापुढं उभे होते.

"हे वेक बेट. युद्धात जपानी सैनिक तिथं अडकले. अन्न संपलं, तशा सगळ्या पाणकोंबड्या खाऊन टाकल्या. एक ठेवली नाही! काय माणसं असतात बघ."

"सर," भिकन म्हणाला, "ते उपाशी तरी होते."