तांडेलाच्या सात बरगड्या

डॉक्टरांनी एक्स-रेची काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि उजव्या बाजूला, वरच्या अंगाला बोट ठेवलं. "हे बघा. इथे कॅव्हिटी आहे."

कॅव्हिटी म्हणजे फुप्फुसात पडलेलं भोक. आजाराचं नाव टीबी, म्हणजे आपला क्षय. स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. आमच्याकडे तेव्हा क्षय म्हटलं की माणसं तिरडीचे बांबू शोधायला लागत. मी मात्र फिल्मवर वाकलो. स्वतःच्या आतलं बघायला मिळण्याचा प्रसंग कितीदा येतो? भीती नंतर, बसमध्ये आली. तेव्हा मनात एवढंच आलं की हे भोक इतकं गोल कसं पडलं.

हा माझा जुना रोग. मी मालवणच्या किनाऱ्यावरचा रापणीचा तांडेल. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल टाकून, दोन्ही टोकं धरून किनाऱ्यावर ओढायचं लांबलचक जाळं. ते कधी आणि कुठे टाकायचं ते तांडेल ठरवतो. त्याचा अंदाज चुकला तर साठ माणसं दिवसभर रिकामं पाणी ओढतात. म्हणून मी पाण्याचा रंग बघायचो, पाखरं बघायचो, काल कोणाला काय लागलं ते चार ठिकाणी विचारायचो, आणि मगच हात वर करायचो. माझी बायको शेवंती म्हणायची, "ह्येंका जेवण वाढलां तरी इचारतले, मासो खंयच्या पाण्यातलो."

तर असा मी, वैशाख-ज्येष्ठात दोन महिने ताप आणि खोकला अंगावर काढून, रुमालावर रक्त दिसल्यावर कसालला गाडी बदलून कोल्हापूरला पोचलो होतो. दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. डॉक्टरांनी तीन औषधं लिहून दिली आणि घरी राहून घ्यायला सांगितली. स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन, ते मालवणात कंपाउंडर टोचणार. आयसोनियाझिडच्या बारीक गोळ्या. आणि पास नावाच्या औषधाच्या कागदी चकत्या, एकेक रुपयाएवढी, दिवसाला मूठभर. दीड वर्षं.

"तिन्ही एकत्र घ्यायची," डॉक्टर म्हणाले. "एकही सोडायचं नाही." का, ते मी विचारलं नाही. सगळ्या जन्मात हा एकच प्रश्न विचारायचा राहिला असेल.

महिनाभरात खोकला कमी झाला, अंगात जीव आला. नारळी पौर्णिमा झाली आणि रापणी सुरू झाल्या. मी विश्रांती घ्यायची होती, पण हंगामात तांडेल घरात बसला तर साठ घरांनी कोणाकडे बघायचं? मी होडीत चढलो.

आता खरी गंमत ऐका. पासच्या चकत्यांनी पोटात ढवळायचं. जमिनीवर ते कसंबसं सोसायचं, पण होडी हलली की उलटी घशाशी. पहिल्याच दिवशी मी काठावर वाकलो आणि मागून कोणीतरी हसून म्हणाला, "तांडेलाक दर्यो लागलो रे!"

घाटावरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण आमच्यात तांडेलाला समुद्र लागणं म्हणजे हसं होणं. त्याच्या शब्दावर मग कोण जाळं टाकेल? दुसऱ्या दिवसापासून मी त्या चकत्या कमरेच्या पुडीत बांधून न्यायचो आणि खोल पाण्यात सोडून द्यायचो. बारीक गोळ्याही त्याच पुडीत असायच्या, त्याही जायच्या. कोणती गोळी मळमळ करते हे मी तपासलंसुद्धा नाही. इंजेक्शन मात्र चुकवलं नाही, कारण कंपाउंडर वहीत सही घ्यायचा. शेवंतीने एकदा मला पुडी कमरेला बांधताना पाहिलं आणि ओळखलं. कोणाला सांगशील तर बघ, असा मी तिला दम भरला.

फाल्गुनात पुन्हा कोल्हापूर. पुन्हा फिल्म. भोक तेवढंच होतं, उलट किंचित वाढलेलं.

"औषधं नियमित घेतलीत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"होय साहेब," मी म्हणालो.

त्यांनी जुनी फिल्म नव्या फिल्मशेजारी धरून बघितली. मग म्हणाले, "म्हणजे औषधं हरली. थोरॅकोप्लास्टी करावी लागेल." हा शब्द मी तीनदा म्हणवून घेतला. उजव्या बाजूच्या सात बरगड्या काढायच्या, म्हणजे छाती आत बसते, फुप्फुस दबतं आणि भोक मिटतं. मी विचारलं, बरगड्या परत येतात का? खांद्याचं काय होतं? ते खोटं बोलले नाहीत. "खांदा उतरेल. हातात पहिला जोर राहणार नाही. पण तुम्ही जगाल."

रापणीची होडी वळवतात ती मागच्या वल्ह्यावर, उजव्या खांद्याच्या जोरावर. खांदा गेला की तांडेलकी गेली. आणि नाही म्हटलं तर जीव जाणार. विचार करायला त्यांनी आठ दिवस दिले.

आठ दिवसांत मी गावात एकाला सोडलं नाही. पण ऑपरेशन झालेला माणूस आसपास कोणी नव्हता, आणि न झालेल्यांची मतं भरपूर होती. शेवटी आमच्या रीतीप्रमाणे ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरलं. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान औषधपाणी सगळा केल्यान, तरी गुण नाय. आता बरगड्यो काढून बरो होतलो तर उजवो कौल दी, म्हाराजा!" जमलेले म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

पाकळी पडेना. पाव तास झाला, अर्धा तास झाला. पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा तेच. गुरव माझ्याकडे वळला. "कायतरी सांगूचा ऱ्हवला हा. त्याशिवाय देव बोलाचो नाय."

तेव्हा शेवंती पुढे आली. सबंध गावासमोर ती कधी बोललेली नव्हती. "औषधपाणी सगळा केल्यानी नाय," ती म्हणाली. "तुमी गोळये दर्यात टाकलात, ता सांगा. देवाक तरी खोटा सांगू नकात."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग मी सगळं सांगितलं, उलटीसकट. रापणीचे माझे गडी तिथेच उभे होते. कोणी हसलं नाही.

गुरवाने पाकळ्या पुसून टाकल्या. मी म्हटलं, आता तरी कौल लाव. तो म्हणाला, "मेल्या, ह्या देवाक कित्याक सांगतस? सुरी देवाच्या हातात आसा काय? जेच्या हातात सुरी, तेका जाऊन सांग."

दुसऱ्या सकाळी मी आणि शेवंती कोल्हापूरच्या गाडीत बसलो.

डॉक्टर रागावतील म्हणून मी तयारीने गेलो होतो. ते रागावले नाहीत. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "नेमकं काय घेतलंत, आणि काय टाकलंत? आठवून सांगा." मग कळलं तीन औषधं कशासाठी. जंतूंना एकटं औषध दिलं की ते त्याला सरावतात. तिन्ही बाजूंनी घेरलं तरच मरतात. मी सहा महिने एकटं इंजेक्शन घेऊन त्यांना सरावच दिला होता.

"ऑपरेशन थांबवू," ते म्हणाले. "आधी कल्चर करू." कल्चर म्हणजे थुंकीतले जंतू बाटलीत वाढवायचे आणि कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं. त्याला दोन महिने लागतात. आता खाट मिळाली.

ते दोन महिने मी उजवा हात डोक्यावर नेऊन बघायचो, खाली आणायचो. रात्रंदिवस एकच विचार, हा खांदा राहणार की जाणार. करमेना म्हणून प्रयोगशाळेच्या दाराशी जाऊन उभा राहायचो. तिथल्या तपासनिसाला माझी दया आली असावी. एकदा त्याने सूक्ष्मदर्शकातून माझे जंतू दाखवले. निळ्या पाण्यासारख्या रंगात लाल, बारीक, वाकड्या काड्या. एवढ्याशा! मी पाच मिनिटं डोळा काढला नाही. शेवंतीलाही बोलावलं. तिने बघितलं आणि म्हणाली, "हेंनी तुमचो माज उतरवल्यानी?"

निकाल आला. इंजेक्शन कायमचं निकामी झालं होतं. पण ज्या दोन औषधांना मी समुद्रात सोडलं होतं, त्यांची जंतूंना अजून सवय नव्हती. पहिल्या महिन्यानंतर ती घेतलीच नव्हती, सवय कुठून होणार! नर्ससमोर, तोंड उघडून दाखवत, मी ती दीड वर्षं गिळली. पहिले तीन महिने ओकलो. मग पोट सरावलं.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी दवाखान्याच्या बाकावर बसून असेल, तर त्याला सांगतो. भरपूर विचारा, चौकशी करा, डॉक्टरांना कंटाळा येऊ दे. पण निर्णय समोरच्या माणसाने घ्यायचा असेल तर आधी आपल्या पुडीत काय आहे ते त्याला दाखवा. रापणीत मला कोणी मासळीची खोटी खबर दिली असती तर मी त्याला किनाऱ्यावर उभा केला नसता. तीच खोटी खबर मी डॉक्टरांना दिली होती, आणि वर त्यांच्या निर्णयाची चौकशी करत गावभर फिरलो होतो.

शेवटच्या फिल्ममध्ये भोकाच्या जागी एक पांढरी रेघ होती. मी डॉक्टरांचे पाय धरायला वाकलो, त्यांनी धरू दिले नाहीत. जाता जाता, न राहवून, मी विचारलं, "साहेब, मी सांगितलं नसतं तर?"

"तर मी सात बरगड्या काढल्या असत्या," ते म्हणाले. "ऑपरेशन चांगलं झालं असतं. आणि तुमचा जीव वाचवला म्हणून तुम्ही जन्मभर माझे आभार मानले असते."

बाहेर आल्यावर मी शेवंतीला तिथेच, सगळ्यांच्या देखत, हात जोडले.